जहाजं कुणाच्या हुकमाने वळली? कर्टिन, चर्चिल आणि फेब्रुवारी १९४२

१९४२च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियन सैनिकांनी भरलेली जहाजं कोलंबोच्या दक्षिणेकडून पूर्वेला चालली होती. मध्यपूर्वेतल्या लढाया लढून ही माणसं आपल्या मुलखाकडे परतत होती. जपान ऑस्ट्रेलियाच्या दारात येऊन ठेपला होता. मध्येच एके दिवशी जहाजांनी दिशा बदलली आणि ती उत्तरेला, ब्रह्मदेशाकडे निघाली. हा हुकूम लंडनहून, ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांच्याकडून आला होता. सैन्य ज्या सरकारचं होतं, त्या कॅनबेरातल्या पंतप्रधान जॉन कर्टिन यांच्या सरकारला त्याची खबर नव्हती, आणि परवानगीचा तर प्रश्नच नव्हता.

दोन-तीन दिवसांत जहाजं पुन्हा फिरली आणि कोलंबोत इंधन भरून ऑस्ट्रेलियाला गेली. घडलं ते एवढंच. या जहाजांवरून लढाई झाली नाही, करार मोडला नाही, कुणी राजीनामा दिला नाही. तरीही साम्राज्याचा मायदेश आणि त्याच्या स्वराज्य मिळालेल्या वसाहती यांचं नातं समजून घ्यायचं असेल, तर मी आधी या तीन दिवसांतल्या तारा वाचायला सांगेन.

त्याला कारण आपल्याच राजकारणात आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५च्या बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून मागितलं ते साम्राज्यातल्या स्वयंशासित वसाहतींसारखं राज्य. टिळकांची होमरूल साम्राज्याच्या चौकटीतच बसणारी होती. १९२८चा नेहरू रिपोर्टही तिथेच थांबला आणि तरुण मंडळी त्यावर उसळली. मराठी वर्तमानपत्रांनी या गोष्टीला नाव दिलं ‘वसाहतीचं स्वराज्य’. ‘संपूर्ण स्वातंत्र्य’ की ‘वसाहतीचं स्वराज्य’ यावर आपल्या दोन पिढ्या भांडल्या. पण ज्यांना ते आधीच मिळालं होतं, त्यांच्या हातात नेमकं काय होतं?

कागदावर तर पुष्कळ होतं. १९२६च्या साम्राज्य परिषदेत बाल्फोर समितीने ब्रिटन आणि डोमिनियन, म्हणजे स्वयंशासित वसाहती, ही दर्जाने समान, कुणीही कुणाच्या ताब्यात नसलेली राज्यं आहेत असं लिहून ठेवलं. १९३१च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने ते कायद्यात उतरलं. कॅनडा, दक्षिण आफ्रिका आणि आयर्लंड यांना तो लगेच लागू झाला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांना मात्र आपल्या संसदेत तो वेगळा स्वीकारायचा होता, आणि दोघांनीही ते केलं नाही. त्यांना घाईच नव्हती. इंग्लंडला ते ‘होम’ म्हणत. तिकडे कधी पाऊलही न टाकलेला माणूससुद्धा ‘होम’च म्हणे.

त्यामुळे ३ सप्टेंबर १९३९ला ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेन्झिस रेडिओवर बोलले, तेव्हा त्यांचं वाक्य त्यांच्या लोकांना वावगं वाटलं नाही: ग्रेट ब्रिटनने युद्ध पुकारलं आहे आणि त्याचा परिणाम म्हणून ऑस्ट्रेलियाही युद्धात आहे. कॅनडाने आठवडाभर थांबून, संसद बोलावून, १० सप्टेंबरला आपलं युद्ध आपण पुकारलं. ऑस्ट्रेलियाने ‘परिणाम म्हणून’ एवढ्यावर भागवलं. त्याच ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगोंनी हिंदुस्थानही युद्धात असल्याचं जाहीर केलं, आणि इथल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला विचारलं नाही. त्याच्या निषेधात प्रांतोप्रांतीची काँग्रेस मंत्रिमंडळं बाहेर पडली, त्यात मुंबई प्रांतातलं बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळही होतं. ऑस्ट्रेलियाने आपल्याला गृहीत धरू दिलं. हिंदुस्थानला गृहीत धरलं गेलं. त्या दिवशी वरवर पाहणाऱ्याला हा फरक दिसलाही नसता.

चनकची तार

जहाजांकडे वळण्याआधी वीस वर्षं मागचा एक प्रसंग सांगतो, कारण त्यातही माणूस तोच आहे. सप्टेंबर १९२२मध्ये तुर्कस्तानच्या मुस्तफा कमालचं सैन्य दार्दानेल्सजवळच्या चनकपर्यंत आलं. तिथल्या थोड्याशा ब्रिटिश फौजेला मदत हवी म्हणून लंडनने डोमिनियनांकडे सैन्य मागितलं. तार लिहिली होती वसाहत खात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल यांनी. तार सांकेतिक लिपीत होती आणि ती उलगडायला वेळ लागत होता. तेवढ्यात लंडनने वर्तमानपत्रांना निवेदन देऊन टाकलं. कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांना ही मागणी आधी कळली ती बातमीदाराकडून. त्यांनी उत्तर दिलं की सैन्य पाठवायचं की नाही ते आमची संसद ठरवेल. न्यूझीलंडने तात्काळ होकार दिला. ऑस्ट्रेलियाचे बिली ह्यूज मनातून चिडले, पण नाही म्हणाले नाहीत.

त्या निवेदनात गॅलिपोलीतल्या ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या सैनिकांच्या कबरींची आठवण काढली होती. १९१५मध्ये ती माणसं ज्या मोहिमेत मेली, तिचा आग्रह धरणारेही चर्चिलच. ज्या घरातली मुलं गेली, त्याच घराला त्यांच्या कबरींची शपथ घालून पुन्हा मुलं मागायची, याला धारिष्ट लागतं. माझ्या मते इथे चर्चिलांचा दुष्टपणा नव्हता. आपलं मागणं आणि त्यांचं देणं या एकाच घरातल्या गोष्टी आहेत, अशी त्यांची खरोखरच समजूत होती. १९४२मध्येही ती समजूत तशीच होती.

सिंगापूर पडलं

दोन महायुद्धांमधली ऑस्ट्रेलियाची सगळी संरक्षणनीती एका शब्दावर उभी होती: सिंगापूर. जपान उठलाच, तर ब्रिटिश आरमार सिंगापूरला येईल आणि ऑस्ट्रेलियाला हात लागू देणार नाही. १९३८मध्ये तिथल्या गोदीचं उद्घाटनही झालं. या भरवशावर जेमतेम सत्तर लाख वस्तीच्या देशाने आपल्या स्वयंसेवक फौजेच्या चार डिव्हिजनपैकी तीन, म्हणजे ६वी, ७वी आणि ९वी, मध्यपूर्वेत पाठवल्या. चौथी, म्हणजे ८वी, बहुतेक मलायात होती. १९४१मध्ये ग्रीस आणि क्रीटला पुरेसं हवाई छत्र नसताना त्यांना उतरवलं गेलं, आणि हजारो ऑस्ट्रेलियन जर्मनांचे कैदी झाले. तोब्रुकच्या वेढ्यातून ९वी डिव्हिजन बाहेर काढावी म्हणून लंडनशी महिनोन्‌महिने वाद घालावा लागला. म्हणजे १९४२च्या आधीच कॅनबेराच्या मनात गाठ बसली होती: आपली माणसं इतरांच्या नकाशावर फार सहज सरकवली जातात.

डिसेंबर १९४१मध्ये जपान युद्धात उतरला. १० डिसेंबरला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन युद्धनौका जपानी विमानांनी बुडवल्या. येणार येणार म्हणून सांगितलेलं आरमार ते एवढंच होतं. जॉन कर्टिन यांना पंतप्रधान होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. हा मजूर पक्षाचा, पत्रकारितेतून आलेला, पहिल्या महायुद्धात सक्तीच्या भरतीला विरोध केल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेला माणूस. जपानविरुद्धचं युद्ध त्यांच्या सरकारने ‘परिणाम म्हणून’ होऊ दिलं नाही. राजाकडून गव्हर्नर जनरलकडे अधिकार आणून त्यांनी ते स्वतंत्रपणे पुकारलं. २७ डिसेंबरच्या मेलबर्नच्या ‘हेरल्ड’मध्ये कर्टिननी लिहिलं की ब्रिटनशी असलेल्या परंपरेच्या आणि रक्ताच्या नात्याबद्दल मनात कसलीही टोचणी न ठेवता ऑस्ट्रेलिया अमेरिकेकडे पाहत आहे. चर्चिल संतापले. देशातही बऱ्याच जणांना हे बोलणं अशोभनीय वाटलं.

१५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं. सुमारे पंधरा हजार ऑस्ट्रेलियन कैद झाले, आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक हिंदी सैनिक. त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाचे लष्करप्रमुख व्हर्नन स्टर्डी यांनी सरकारला सल्ला दिला की मध्यपूर्वेतून परतणारं सैन्य आता कुठेही न थांबवता घरी आणा. ते मानलं नाही तर राजीनामा द्यायची त्यांची तयारी होती. चारच दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, डार्विन बंदरावर जपानी विमानांचे दोन हल्ले झाले आणि किमान २३५ माणसं मेली. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर परक्या शत्रूने बाँब टाकण्याची ती पहिलीच वेळ.

तारा

२० फेब्रुवारीला चर्चिलांची तार आली. ७व्या डिव्हिजनचा पुढचा भाग कोलंबोच्या दक्षिणेला आहे, रंगून वाचवायला वेळेवर पोचू शकेल असं जगात दुसरं सैन्य नाही, रंगून गेलं तर चीनशी असलेला रस्ता तुटेल. मग सूर बदलतो: सिंगापूरला मदत पाठवताना आम्ही तुमच्या म्हणण्याला मान दिला होता. आता तुम्ही नकार दिलात, तर ज्या अमेरिकेवर तुम्ही इतके अवलंबून आहात, तिथे अध्यक्षांवर फार वाईट परिणाम होईल. उत्तर ताबडतोब हवं. रूझवेल्टनीही त्याच आशयाची विनंती केली. लंडनमधले ऑस्ट्रेलियाचे प्रतिनिधी अर्ल पेज आणि हायकमिशनर स्टॅनली ब्रूस हे दोघेही चर्चिलांच्या बाजूला झुकले होते. कॅनबेरातल्या विरोधी नेत्यांनाही सैन्य ब्रह्मदेशाला द्यावं असं वाटत होतं. म्हणजे कर्टिनच्या समोर ब्रिटन होतं, अमेरिका होती, स्वतःचे दूत होते आणि घरचा विरोधी पक्षही होता. पाठीशी होते ते त्यांचं मंत्रिमंडळ आणि लष्करप्रमुख.

२२ फेब्रुवारीला कर्टिननी उत्तर दिलं. तुमची जरा कडक शब्दांतली मागणी मिळाली, असं ते सुरू होतं. पुढे, आमची इच्छा तुम्हाला फार आधीपासून माहीत आहे. हा धोका युद्धातला वाजवी धोका आम्ही मानत नाही. म्हणून सरकार आपल्या निर्णयावर ठाम आहे.

यावर आलेली चर्चिलांची तार माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. आमची आणि अमेरिकेच्या अध्यक्षांची विनंती तुम्ही नाकाराल अशी कल्पनाच आम्ही करू शकत नव्हतो. तुमच्या रीतसर संमतीची वाट पाहत बसलो असतो, तर जहाजं उशिरा पोचली असती. म्हणून आम्ही ताफा तात्पुरता उत्तरेला वळवला. आता तो इतका वर गेला आहे की त्यातल्या काही जहाजांना इंधन भरल्याशिवाय ऑस्ट्रेलिया गाठता येणार नाही. यामुळे तुम्हाला फेरविचाराला काही दिवस मिळतील.

त्यातला ‘रीतसर संमती’ हा शब्द पाहा. १९२६पासून दर्जाची समानता, कुणीही कुणाच्या ताब्यात नाही वगैरे जे लिहून ठेवलं होतं, ते सगळं या शब्दात सह्यांच्या रकान्याएवढं होऊन बसतं. आणि शेवटी इंधनाचा हिशोब. आधी करून मोकळं व्हायचं आणि मग ‘आता झालंय खरं, विचार करा’ म्हणायचं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुठल्याही धाकट्या भावाला ही रीत समजावून सांगावी लागणार नाही.

२३ तारखेचं कर्टिनचं उत्तर त्यांच्या सगळ्या पत्रव्यवहारात सर्वात करारी असावं. आमची मंजुरी तुम्ही निव्वळ उपचार मानलात. असं करून तुम्ही ताफ्यापुढचे धोके वाढवले आहेत आणि त्याच्या परिणामांची जबाबदारी तुमच्यावर राहील. ऑस्ट्रेलियाची बाहेरची तटबंदी भराभर ढासळते आहे, ग्रीसप्रमाणे आताही पुरेसं हवाई संरक्षण नसताना आमची माणसं वापरायचं चाललं आहे, आणि आमचं पहिलं कर्तव्य ऑस्ट्रेलिया वाचवणं हे आहे. त्याच दिवशी चर्चिलांनी कळवलं की ताफा कोलंबोला इंधन भरून तुमच्या इच्छेप्रमाणे ऑस्ट्रेलियाला जाईल. आपल्या कृतीची पूर्ण जबाबदारी आपली, असंही त्यांनी लिहिलं.

पुढचे कित्येक दिवस ही माणसं पाणबुड्यांचा धोका असलेल्या समुद्रातून युद्धनौकांच्या अपुऱ्या संरक्षणात येत होती. कर्टिनना झोप येईना. ते रात्री कॅनबेरात एकटेच चालत राहत. एखादं जहाज बुडालं असतं, तर तो दोष त्यांनी दिलेल्या नकाराला लागला असता. होकार दिला असता, तर तोच दोष इतरांतही वाटला गेला असता. स्वराज्याचं हे ओझं घटनेच्या पुस्तकात वाचायला मिळत नाही.

सित्तांगचा पूल

आता याच दोन दिवसांतली दुसरी बाजू, जी ऑस्ट्रेलियन इतिहासात ओझरती येते. कर्टिन नकार लिहीत होते, तेव्हा ब्रह्मदेशात १७वी हिंदी डिव्हिजन सित्तांग नदीकडे मागे हटत होती. २३ फेब्रुवारीच्या पहाटे, जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून, नदीवरचा एकमेव पूल सुरुंगाने उडवण्यात आला. डिव्हिजनचा मोठा भाग अजून पलीकडेच होता. माणसं बांबूचे तराफे करून, पोहून, हत्यारं टाकून अलीकडे आली. पुष्कळ बुडाली. दुसऱ्या दिवशी मोजदाद झाली, तेव्हा पायदळात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं आणि चौदाशेच्या घरात रायफली उरल्या होत्या. ८ मार्चला रंगून पडलं. त्यानंतर ब्रह्मदेशातले लाखो हिंदी रहिवासी आराकानच्या आणि आसामच्या वाटांनी पायी निघाले. हजारोंनी त्या वाटेवरच प्राण सोडले.

मग कर्टिनच्या नकाराने हे घडलं का? मला तसं वाटत नाही, आणि इथे मला भीड न बाळगता लिहावंसं वाटतं. ती जहाजं थेट लढाईत उतरायच्या हिशोबाने भरलेलीच नव्हती. माणसं एका जहाजावर आणि अवजड सामान दुसऱ्यावर होतं. फेब्रुवारीअखेर ती रंगूनला उतरली असती, तेव्हा सित्तांग हातचा गेला होता आणि जपानी पुढे येत होते. फार तर रंगून काही दिवस आणखी टिकलं असतं. जास्त शक्यता ही की सिंगापूर आणि जावाच्या जोडीला रंगूनचं नाव लागलं असतं. त्याच परतणाऱ्या सैन्यातल्या सुमारे तीन हजार माणसांना जावात उतरवलं होतं. मार्चमध्ये ती सगळी कैद झाली. उलट, घरी आलेल्या ७व्या डिव्हिजनच्या ब्रिगेड ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये न्यू गिनीत मिल्न बे आणि कोकोडाच्या वाटेवर जपान्यांच्या आडव्या उभ्या राहिल्या.

मात्र कर्टिनचा निर्णय फळला म्हणून तो त्यांचा हक्क होता, असं मी म्हणणार नाही. निर्णय चुकला असता, तरी तो घ्यायचा हक्क कॅनबेराचाच होता. सित्तांगच्या पलीकडे अडकलेल्या जवानाच्या वतीने लंडनला ‘नाही’ म्हणू शकेल असं एकही माणूस दिल्लीत नव्हतं. एकाच समुद्रातली, एकाच राजाची दोन सैन्यं. एकाच्या मागे त्याचं स्वतःचं सरकार उभं होतं आणि दुसऱ्याच्या मागे एक खातं होतं.

यात ऑस्ट्रेलियाने मायदेशाशी नातं तोडलं, असं पुष्कळदा सांगतात. ते खरं नाही. कर्टिननी आपल्या दोन ब्रिगेड सिलोनच्या रक्षणाला देऊ केल्या आणि त्या काही महिने तिथे राहिल्या. ९वी डिव्हिजन मध्यपूर्वेतच राहून एल अलामीनला लढली. पुढे कर्टिननीच राजाच्या भावाला, ड्यूक ऑफ ग्लॉस्टरला, गव्हर्नर जनरल म्हणून बोलावलं. मार्चमध्ये अमेरिकेचे जनरल मॅकार्थर ऑस्ट्रेलियात उतरले आणि लवकरच ऑस्ट्रेलियन सैन्यही त्यांच्याच हुकमतीखाली गेलं, म्हणजे लंडनला दिलेला नकार वॉशिंग्टनला देता येईल की नाही हा प्रश्न शिल्लकच राहिला. तुटलं ते नातं नव्हे. तुटलं ते गृहीत धरणं.

दिल्लीतला मार्च

ताफा परत फिरल्याला महिना होत होता तेव्हा, २३ मार्चला, ब्रिटिश सरकारचा प्रस्ताव घेऊन सर स्टॅफर्ड क्रिप्स दिल्लीत आले. त्यांच्या मसुद्यात हिंदुस्थानला युद्धानंतर डोमिनियनचा दर्जा देऊ केला होता. ब्रिटन आणि इतर डोमिनियनांशी सर्व बाबतींत समान, अंतर्गत वा बाह्य कारभारात कुणाच्याही ताब्यात नसलेला, असे शब्द होते. १९२६चीच भाषा. प्रांतांना बाहेर राहण्याची मुभा देणाऱ्या कलमावरून आणि इतर मुद्द्यांवरूनही बोलणी अडली, पण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खरी झटापट झाली ती संरक्षण खात्यावर. युद्ध चालू असताना संरक्षण हिंदी मंत्र्याकडे असेल का? सरसेनापतीकडे काय राहील? नुसतं कँटीन, छपाई आणि पेट्रोल सांभाळणारा संरक्षणमंत्री चालेल का? आपल्याकडे या वादाला बरेचदा तांत्रिक खुसपट म्हटलं गेलं. कर्टिनच्या तारा शेजारी ठेवून वाचलं, की अबुल कलाम आझाद आणि नेहरू याच एका खात्यावर का अडून बसले ते समजतं. जहाज वळवायचा अधिकार ज्याचा, स्वराज्य त्याचं. बाकीची खाती नंतर मिळवता आली असती.

क्रिप्स १२ एप्रिलला परत गेले.

कॅनबेरात त्या वर्षीच्या वसंतात, म्हणजे आपल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, ॲटर्नी जनरल एव्हॅट यांनी अकरा वर्षं पडून असलेला वेस्टमिन्स्टर कायदा स्वीकारण्याचं विधेयक आणलं. कारणं रुक्ष होती. युद्धकाळातले जहाजवाहतुकीचे आणि संरक्षणाचे नियम जुन्या ब्रिटिश कायद्यांशी अडकत होते. ‘ऑस्ट्रेलिया’ या युद्धनौकेवर झालेल्या खुनात दोन खलाशांना फाशी सुनावली गेली होती, आणि शिक्षा कमी करायला ऑस्ट्रेलियन सरकारला लंडनकडेच जावं लागलं होतं. फेब्रुवारीतल्या जहाजांचा या विधेयकाशी थेट संबंध जोडता येत नाही. मात्र अकरा वर्षं ज्याची कुणाला निकड नव्हती, त्याला आता फार विरोध झाला नाही.

९ ऑक्टोबर १९४२ला या विधेयकाचा कायदा झाला, आणि तो मागच्या तारखेने लागू केला. तारीख धरली ३ सप्टेंबर १९३९, म्हणजे ‘परिणाम म्हणून’ युद्धात गेल्याचं मेन्झिसनी सांगितलं तो दिवस. त्या ९ ऑक्टोबरला आझाद आणि नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात होते, आणि गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये. त्यांच्या अटकेला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते.